कबरस्तानातल्या विहिरीचा गाळ

मैनुद्दीनने आयुष्यभर विहिरी पाडल्या. वडवणीच्या काळ्या रानात पाडल्या, चौसाळ्याच्या माळावर पाडल्या. काळ्या रानात माती ढासळते, माळावर खडक फुटत नाही. दोन्हीकडे घाम सारखाच. माणूस कसा आहे असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, त्याने उपसलेला मुरूम बघा. कामचुकार माणूस मुरूम काठाशीच टाकतो. पहिला पाऊस पडला की ढीग परत विहिरीत. नेटाचा माणूस दहा पावलं जास्त चालतो.

विहिरीवाल्यांमध्ये एक रीत आहे. खाली उतरणारा ज्याच्या पुढे दोराचं टोक धरतो, त्याने ते घ्यायचं. भांडण असो, वैर असो, अंगात ताप असो, दोर नाकारायचा नाही. नाकारला तर त्याने परत कुणाच्या विहिरीवर उभं राहू नये. ही रीत कुठे लिहिलेली नाही. शिकवतही कुणी नाही. ज्याला कळत नाही त्याला कुणी कामावर घेत नाही.

मैनुद्दीनचा जोडीदार शहादेव. बौद्ध वस्तीतला. पहिल्या विहिरीवर दोघांचे पाण्याचे माठ वेगळे होते; मालकानेच तसे ठेवले होते. शहादेव खाली उतरला तेव्हा त्याने दोराचं टोक मैनुद्दीनपुढे धरलं. संध्याकाळी वर आला आणि मैनुद्दीनच्या माठातलं पाणी प्यायला. पुढे माठ एकच राहिला.

आता दोघांचेही गुडघे गेले. विहिरी पोकलेन मशीन पाडतं. मैनुद्दीनचा जुना दोर त्याच्या घरात खुंटीवर आहे. सुती, जाड, मधूनमधून तेल दिलेला. त्या दोराला हात लावायला शरीफाबी, त्याची बायको, नको म्हणते. का ते गावाला माहीत आहे.

मैनुद्दीनला एक मुलगा, दस्तगीर. मिसरूड फुटायच्या वयात त्याने एक वाईट काम केलं. गावाच्या कबरस्तानात विहीर आहे. मयताच्या आंघोळीला, मशिदीत नमाजआधी हातपाय धुवायला, वजूला पाणी तिथूनच येतं. त्या विहिरीच्या मोटरची केबल दस्तगीरने कापली, जाळून तांब्याची तार काढली आणि भंगारवाल्याला विकली. भंगारवाल्यानेच दुसऱ्या दिवशी सांगितलं. पोराने नाकारलं नाही.

शुक्रवारच्या नमाजनंतर जमात बसली. कुणी तावातावाने म्हणालं, आपल्या कायद्यात तर चोराचा हात तोडतात. मौलाना अंबाजोगाईकडचे, हळू बोलणारे. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"तो कायदा राजाचा आणि त्याच्या काजीचा. त्यालाही कितीतरी अटी. तुम्ही आम्ही त्याला हात लावायचा नाही. इथे पोलीस आहेत, कोर्ट आहे. जमात फक्त विचारू शकते. विहिरीचं नुकसान झालं, तर विहिरीचा गाळ काढून दे. एकट्याने, हाताने. कबूल असेल तर विषय इथे संपला. नसेल तर पोलिसात जाऊ."

दस्तगीर उभा होता. त्याने मान वर केली.

"हेच इनामदाराच्या पोराला सांगितलं असतं का?"

इनामदार पहिल्या ओळीत बसले होते. वजीरसाब इनामदार. कबरस्तानाची जागा त्यांच्याच पणजोबांनी दिलेली. त्यांनी मान वळवली नाही.

उत्तर मैनुद्दीनने दिलं. "कुणालाबी हेच. कायदा तोंड बघत न्हाई." मग पोराच्या वतीने तोच म्हणाला, "कबूल."

मौलानांनी पोराकडे बघितलं, मग बापाकडे, आणि मान हलवली.

ज्या सकाळी गाळ काढायचा होता त्या सकाळी दस्तगीरने खुंटीवरचा दोर काढला. मैनुद्दीन फडक्यात भाकरी बांधत होता. दस्तगीर समोर येऊन उभा राहिला आणि त्याने दोराचं टोक पुढे धरलं. बोलला काही नाही. त्या रीतीत बोलायचं नसतंच.

मैनुद्दीनने टोक हातात घेतलं आणि बाजेवर ठेवलं.

"बापानं दोर धरला तर लोक म्हणतील, बापानं शिक्षा हलकी केली. शिक्षा शिक्षेसारखी व्हावी."

असं म्हणून तो वडवणीच्या एसटीत बसला. तिकडे एका शेतात विहिरीचं काम चाललं होतं, तिथे दिवसभर पहार मारत राहिला. त्या दिवशी त्याने दोन माणसांचं काम केलं. मुरूम काठापासून लांब नेऊन टाकला. मालक खूश झाला. मैनुद्दीनला त्याचं काही वाटलं नाही.

दोर शहादेवने धरला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. कबरस्तानाच्या भिंतीवर बसून पोरं बघत होती. "नीट काढ बे चोरा," असं वरून ओरडत होती, खडे टाकत होती. शहादेवने दोर कमरेला आवळला आणि दोन्ही हात मोकळे करून त्यांना शिव्या घातल्या. गाळ निघाला. झरा मोकळा झाला. पाणी आलं.

जमातीच्या हिशोबी विषय संपला. गावात संपला नाही. पोरं दस्तगीरला 'केबल' म्हणायला लागली. ए केबल, इकडं ये. मग मोठी माणसंही म्हणायला लागली, सहज, काही मनात न ठेवता. एका ठिकाणी सोयरीक जुळत आली होती, तिथेही ते नाव पोचलं. एक दिवस दस्तगीरने पिशवी भरली.

एसटीत चढताना बापाला म्हणाला, "इनामदाराचं पोरगं ज्या दिवशी त्या विहिरीत उतरंल, त्या दिवशी मला सांगा. त्या दिवशी तुमचं खरं मानीन आन् घरी येईन."

तो इचलकरंजीला यंत्रमागावर लागला. फोन करायचा तो शहादेवला. शहादेवची बायको दगडाबाई फोन घेऊन शरीफाबीकडे यायची, दोघी चुलीपाशी बसून त्याच्याशी बोलायच्या. मैनुद्दीन आला की शरीफाबी फोन दगडाबाईकडे द्यायची. वर्षं अशी गेली. दस्तगीरने तिकडेच लग्न केलं. पोरगी झाली. मैनुद्दीनने तिचा फोटो शहादेवच्या फोनवर पाहिला. कान आपल्यासारखे आहेत एवढंच म्हणाला.

आणि यंदा उन्हाळ्यात इनामदारांच्या पोराने मुरूम नेला.

तन्वीर त्याचं नाव. रस्त्याची कामं घेतो. स्वतःचं जेसीबी, दोन हायवा ट्रक. रस्त्याला मुरूम कमी पडला आणि कबरस्तानाच्या मागच्या बाजूला माळ होता. तिथे कुणाची कबर नाही असं त्याला वाटलं, किंवा वाटून घेतलं. जेसीबीने माळ खरवडला. सकाळी शेळ्या घेऊन गेलेल्या बाईला जुन्या कबरींवरच्या फरश्या उघड्या दिसल्या. ती ओरडत गावात आली.

जमात परत बसली. मैनुद्दीन शेवटच्या ओळीत, चपलांजवळ बसला होता. गुडघ्यांमुळे त्याला दाराशी बसणं सोयीचं पडतं. आत काय चाललंय ते त्याला नीट ऐकू येत होतं. छाती धडधडेल असं त्याला वाटलं होतं. धडधडली नाही. त्याने चपला बघितल्या. कुणाच्या टाचा कुठल्या बाजूला झिजल्या ते बघितलं.

पहिल्यांदा सदर बोलले. सदर म्हणजे जमातीचे अध्यक्ष. जागा इनामदारांनीच दिलेली, पोराचं चुकलं, फरश्या परत बसवू, मशिदीला रंग देऊ, विषय मिटवू. दोघातिघांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, पोराची पुढे निवडणूक आहे, गावाचंच नाव खराब होईल.

मौलानांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची दाढी आता पांढरी झाली होती. मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. मोठ्या घराण्यातली एक बाई चोरीत सापडली होती. लोकांना तिला शिक्षा होणं जड गेलं. त्यांनी पैगंबरांना सगळ्यांत जवळचा माणूस गाठला आणि त्याच्याकडून रदबदली करवली. पैगंबर त्या माणसावर रागावले. आधीची माणसं याच कारणाने बुडाली, असं त्यांनी लोकांना सांगितलं. थोराला सोडायचे आणि गरिबाला धरायचे. माझी स्वतःची लेक असती तरी तिला सूट नसती, असंही ते म्हणाले.

"ते हात तोडायचं मी तेव्हाही बोललो नाही, आताही बोलत नाही," मौलाना म्हणाले. "ते आपलं काम नाही. पण ही सूट द्यायची की नाही, एवढं मात्र आपल्या हातात आहे. याच मशिदीत एका पोराने आपल्याला एक सवाल विचारला होता. त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. त्याच्या बापाने दिलं."

मागे कुणी वळून बघितलं नाही. तरी मैनुद्दीनला सगळ्यांच्या पाठी आपल्याकडे बघतायत असं वाटलं.

वजीरसाब इनामदार उठले. वय झालेलं. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "जे दस्तगीरला, तेच तन्वीरला. एकट्याने, हाताने. मोटर लावायची नाही, क्रेन आणायची नाही. तन्वीर, कबूल?"

तन्वीर बापाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कबूल."

लोकांनी सुभानल्ला म्हटलं. एकाने डोळे पुसले.

मैनुद्दीन घरी आला. शरीफाबी तव्यासमोर बसली होती. तिला आधीच कळलं होतं. अशा बातम्यांना पाय असतात.

"उतरणार?"

"उतरणार."

तिची भाकरी उलटायची राहिली. करपायचा वास आला तेव्हा तिने ती काढली आणि स्वतःच्या ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पारावर शहादेव भेटला. तंबाखू मळत होता.

"आता तरी फोन कर बे."

"उतरू दे आधी."

"कबूल म्हणला न्हाई का?"

"कबूल म्हणल्यानं गाळ निघतो का?"

"तुझं आपलं येकच," शहादेव म्हणाला. "पोराचं लगीन झालं, लेकरू झालं, तुझा अजून हिशोबच चालू. बरं. उतरल्यावर कर. मी फोन चार्ज करून ठिवतो."

"आन् तू कावून हसाया लागला?"

"हसत न्हाई. तोंडच असं हाय माझं."

गाळ काढायच्या आदल्या दिवशी इनामदार मैनुद्दीनच्या घरी आले. मागे तन्वीर. इनामदार या घरात पहिल्यांदाच येत होते. शरीफाबीने बाजेवर चादर टाकली. ते बसले, पाणी प्यायले, घराच्या पत्र्याकडे बघितलं, पावसाचं विचारलं. मैनुद्दीन उभाच होता.

"मैनूभाई," इनामदार म्हणाले, "शिक्षा आहे, मान्य. पण पोराने विहीर कधी बघितली नाही. दोर कुणाच्या हातात द्यायचा? गावात हात एकच आहे."

मैनुद्दीनने पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"सक्ती नाही. तुमचा हक्क आहे नाही म्हणायचा. तुमच्या जागी मी असतो तर मी नाही म्हणालो असतो."

तेवढ्यात तन्वीर उठला. त्याने खुंटीवरचा दोर काढला. त्याला कुणी सांगितलं होतं का, त्याच्या मनानेच आलं, हे मैनुद्दीनला कधी कळलं नाही. जेसीबीवाल्या पोराच्या हातात तो दोर ओझं वाटत होता. त्याने टोक पुढे धरलं.

"चाचा, मला भीती वाटते. तुम्ही धरा."

शरीफाबी दारात होती. मैनुद्दीनने तिच्याकडे बघितलं नाही. त्याने टोकाकडे बघितलं. टोकाला गाठ होती, त्याने स्वतःच मारलेली, फार जुनी.

त्याने ते घेतलं.

इनामदारांनी त्याचे दोन्ही हात धरले. ते गेल्यावर शरीफाबीने बाजेवरची चादर काढली, झटकली, घडी घातली. मैनुद्दीन म्हणाला, "रीत हाय." ती आत गेली.

सकाळी कबरस्तानात मांडव होता. नुसतं कापड, चार बांबू, उन्हाचं म्हणून. खुर्च्या होत्या. लिंबू सरबताची टाकी होती. इनामदारांनी हे सांगितलं नव्हतं. लोकांनी आपणहून केलं होतं. पोरं भिंतीवर बसली होती, पण आता त्यांच्या हातात फोन होते. इनामदार काठावर खुर्ची घेऊन तसबीहचे मणी ओढत बसले.

शहादेव लांब लिंबाखाली उभा राहिला. मैनुद्दीन कमरेला दोर घेत होता तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाला, "मांडव बघितला का? नवरदेव निघालाय आपला."

"गप बैस."

"गपच हाय. मागच्या बारीला मीबी गपच होतो का? इचार गावाला."

दोर हाताने धरायचा नसतो. हात सुटतो, हात घसरतो. दोर कमरेने धरायचा. पाठीमागून एक वेढा, टाच दगडाला टेकवलेली, अंग मागे. मग खालच्या माणसाचा एकेक श्वास कमरेला कळतो. तन्वीर उतरला तेव्हा मैनुद्दीनला त्याची भीती कळली. तो दगडी पायऱ्यांवर पाय टाकायच्या आधी दोनदा चाचपत होता. ते ठीक होतं. भिणारा माणूस विहिरीत वाचतो.

पहिली काही घमेली त्याने मनगटाने भरली. वर येताना अर्धी सांडली.

"कमरंतून उचल," मैनुद्दीन खाली ओरडला. "मनगटानं न्हाई. फावडं पोटाला लाव."

पोराने ऐकलं. पुढचं घमेलं भरून आलं. घमेली दुसऱ्या दोराने तिघेजण ओढत होते. मागच्या वेळी एकटा शहादेव ओढत होता. कमरेला एक दोर, हातात दुसरा. शिक्षा खालच्या माणसाला होती. वरचं कुणी ठरवलं नव्हतं.

ऊन चढलं. तन्वीरने काम केलं. हे मैनुद्दीनला मान्य करावं लागलं. थांबत होता, वाकून गुडघ्यांवर हात ठेवत होता, परत भरत होता. हाताला फोड आले असतील. फावड्याचा आवाज बदलला त्यावरून कळलं. गाळ काळा, घट्ट, कुजक्या पानांचा वास असलेला. दर घमेल्याला वरून कुणीतरी माशाल्ला म्हणत होतं. दुपारी सरबत दोरीने खाली सोडलं. मौलानांनी बघितलं, पण पाण्याला कोण नाही म्हणणार.

दुपारनंतर एक पायरी निसटली. तन्वीर फावडं भिंतीतल्या झऱ्याजवळ न्यायला वर चढला होता, दगड सुटला आणि तो लटकला. दोर कमरेत रुतला. मैनुद्दीनची टाच दगडावरून सुटली, पाय वाळूत ओढले गेले, मग टाच परत दगडाला लागली आणि तो थांबला. वर सगळे ओरडले. मैनुद्दीनने ओरडू नका म्हणून हात केला. खाली पोर हेलकावे खात होतं. त्याचा श्वास कमरेला लागत होता, भराभर, लहान मुलाचा असतो तसा.

"डाव्या हाताला कपार हाय," मैनुद्दीन म्हणाला. "दिसली का? तिथं पाय घाल. घाई न्हाई. मी हाय."

पोराचा पाय कपारीत गेला. दोर ढिला झाला. सदऱ्याखाली कातडं सोलवटलं होतं, ते नंतर घरी कळलं. त्या वेळी काही दुखलं नाही. मी हाय, असं आपण म्हणालो एवढं त्याच्या लक्षात राहिलं. लिंबाखाली शहादेव तंबाखू तोंडात धरून उभा होता. तो थुंकलाही नाही.

झरा मोकळा झाला तेव्हा ऊन कललं होतं. मैनुद्दीनने घमेल्यातून आलेलं पाणी हातात घेऊन बघितलं. गढूळ, मग कमी गढूळ. काम पुरं झालं होतं. कमी नाही, जास्त नाही. दस्तगीरने काढला होता तेवढाच गाळ.

तन्वीर वर आला. चिखलाने माखलेला, डोळे लाल. मौलानांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आज बरोबर झालं," ते म्हणाले आणि मैनुद्दीनकडे बघून मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. ते खोटं नव्हतं.

मग हार निघाले. कुठून निघाले कळलं नाही. फोटो झाले. इनामदाराचं पोरगं असून उतरलं, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याने तेच म्हटलं. बायांनी घरून हळदीचं दूध पाठवलं. सदर म्हणाले, असा माणूस सरपंच पाहिजे, जो चूक मान्य करतो. टाळ्या पडल्या. तन्वीरला लाज वाटत होती. तो हार काढायला बघत होता, लोक परत घालत होते.

भिंतीवरचं एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, "केबलच्या बापानं दोर धरला म्हणून निभावलं."

मैनुद्दीन दोर गुंडाळत होता. हात थांबले नाहीत.

शहादेव जवळ आला. "ऐकलं का?"

"ऐकलं."

"ह्याला कुणी मुरूम म्हणलं का? ए मुरूम, इकडं ये?"

मैनुद्दीनने शेवटचा वेढा घातला. दोर ओला होता, जड झाला होता. त्याने तो खांद्यावर टाकला.

"फोन लाव," तो म्हणाला.

घरी बाजेवर बसून शहादेवने फोन लावला. शरीफाबी दारात येऊन उभी राहिली. शहादेवने फोन मैनुद्दीनच्या हातात दिला आणि स्वतः अंगणात गेला. पलीकडून यंत्रमागांचा आवाज येत होता, खडखड, एकसारखा.

"बोला काका."

"मी हाय."

पलीकडे माग चालू राहिले. दस्तगीर बाहेर आला असावा, कारण आवाज कमी झाला.

"अम्मी बरी हाय का?"

"बरी हाय. इनामदाराचा पोरगा उतरला. त्याच इहिरीत. आज. एकट्यानं, हातानं. गाळ पुरा काढला. मी बघितला."

मैनुद्दीनने फोन कानाला घट्ट दाबला.

"खरंच उतरला?"

"उतरला. कायदा तोंड बघत न्हाई म्हणलतो मी. तेच झालं."

"बरं," दस्तगीर म्हणाला. आवाजात राग नव्हता. काहीतरी सैल झालं होतं. "खरं झालं तुमचं. मला वाटलं नव्हतं अब्बा. खरंच वाटलं नव्हतं."

मैनुद्दीनला वाटलं, आता इथेच फोन ठेवावा. पण पोराने विहिरीवर दिवस काढलेले होते. विहिरीवाल्याच्या तोंडात जो सवाल आपोआप येतो तोच त्याच्या तोंडात आला. मुद्दाम नाही.

"दोर कुणी धरला?"

अंगणात शहादेव खोकला. मैनुद्दीनच्या समोर ओला दोर पडला होता, त्यातून गढूळ पाणी जमिनीवर उतरत होतं. शहादेवचं नाव घेता आलं असतं. शहादेवने ते खोटंही पाळलं असतं.

"मी."

पलीकडे माग चालू होते. पाण्याचा ओघळ बाजेच्या पायापर्यंत आला.

"त्यानं टोक पुढं केलं," मैनुद्दीन म्हणाला. "रीत हाय."

"व्हय," दस्तगीर म्हणाला. "रीत हाय." मग म्हणाला, "अम्मीला द्या."

त्याने फोन शरीफाबीला दिला. ती आत गेली. मैनुद्दीन उठला, दोर उचलून अंगणात नेला. लिंबाच्या फांदीपासून कुंपणाच्या खांबापर्यंत त्याने तो सावलीत पसरायला घेतला. उन्हात वाळवला तर सूत कडक होतं, ओला गुंडाळला तर आतून कुजतं. शहादेवने दुसरं टोक धरलं.

शरीफाबी बाहेर आली. तिने फोन शहादेवला दिला.

"येतो म्हणतोय."

मैनुद्दीनने मान वर केली.

"जबान दिलती म्हणं, येणार. शुक्रवारी." तिने पदर डोक्यावर नीट केला. "मला न्यायला येतोय. नात बघायची माझी इच्छा हाय, तिकडंच राहा म्हणतो. मी हो म्हणलं."

शहादेवने खाली बघितलं.

"बरं," मैनुद्दीन म्हणाला.

ती आत गेली. पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. मैनुद्दीन परत दोराकडे वळला. पिळांमध्ये गाळ गेला होता. तो नखाने एकेक पीळ उघडून गाळ काढत राहिला, टोकाच्या गाठीपासून सुरुवात करून.